काविळीला तारखा विचारा

पत्र असं आहे. लांब होतं, थोडं आवरून देते.

"डॉक्टर, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून लिहिते आहे. माझे सासरे, घरात सगळे त्यांना भाई म्हणतात, वय ७४. मधुमेह आहे, दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली. १४ जूनला न्यूमोनियासाठी इस्पितळात दाखल केलं, २२ जूनला बरे होऊन घरी आले. जुलै उजाडला आणि अंगाला खाज सुटली. आता डोळे पिवळेधमक, लघवी कोऱ्या चहासारखी, संडास पांढरट. ताप नाही, पोटात दुखत नाही. सोनोग्राफीत खडे नाहीत. काविळीच्या ए, बी, सी, ई सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. नवे डॉक्टर म्हणतात, औषधामुळे लिव्हरला इजा झाली आहे. मुंबईहून आलेले दीर म्हणतात, इस्पितळावर केस करू. नणंद काविळीचं गावठी औषध घेऊन आली आहे, उपाशीपोटी दुधातून तीन दिवस द्यायचं म्हणते. भाईंनी सगळ्याच गोळ्या बंद केल्या आहेत. 'एका गोळीनं हे केलं, आता आठ कोण गिळणार?' असं त्यांचं म्हणणं. सासूबाई घरी आल्या दिवसापासून ताकदीसाठी गुळवेलीचा काढा देत होत्या. त्या आता रात्री उठून रडतात. घरात मासळी बंद, तेल बंद, हळदही बंद. उसाचा रस मात्र दोन वेळा. कोणाचं ऐकू? डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्टचे फोटो जोडले आहेत."

ताई, पुढचं नंतर वाचा. आधी फोन उचला आणि भाईंच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद झाली आहे, काय करू? दीड वर्षापूर्वी स्टेंट बसवलेल्या माणसानं ती गोळी परस्पर सोडणं हे या घडीला काविळीपेक्षा मोठं संकट ठरू शकतं. बहुतेक ते लगेच सुरू करायला सांगतील, पण कावीळ आहे आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) किती आहे हे त्यांना सांगूनच विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी काही आठवडे थांबली तर चालते. लिव्हर शांत होईपर्यंत आम्ही बहुतेक जण ती स्वतःच थांबवतो. साखरेच्या गोळ्यांचं मात्र दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. आजारी लिव्हर आणि कमी जेवण असताना जुन्या डोसानं साखर एकदम खाली येऊ शकते, आणि तुमच्याकडे तर वरून उसाचा रस चालू आहे. ग्लुकोमीटर असेल तर आज सकाळ-संध्याकाळ मोजा आणि आकडे डॉक्टरांना सांगून डोस ठरवून घ्या.

काढा आजपासून बंद. नणंदबाईंची पुडीही उघडू नका. दोन्हीविषयी पुढे बोलतेच.

फोन झाला असेल तर आता बसू या.

औषधामुळे लिव्हरला इजा झाली हे सांगणारी एकही चाचणी जगात नाही. रक्तात अमुक सापडलं म्हणजे अमुक गोळीनं केलं, असं दाखवणारं यंत्र नाही. सोनोग्राफी फक्त सांगते की खडा नाही, पित्तनळी फुगलेली नाही. मग डॉक्टर ठरवतात कसं? एकेक कारण खोडत जातात आणि उरतात त्या तारखा. १९९३ साली यासाठी गुण देण्याची एक पद्धत तयार झाली, ती अजून वापरात आहे. तिच्यातही आधी विचारतात ते हेच: औषध कधी सुरू झालं, कधी थांबलं, त्रास कधी दिसला, थांबवल्यावर आकडे उतरले का. वय पंचावन्नच्या पुढे असेल तर त्याचाही एक गुण मिळतो. या आजारात मोठ्या मशीनपेक्षा घरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानाला जास्त किंमत आहे, असं मी विद्यार्थ्यांना सांगायची. तुम्ही तारखा लिहून पाठवल्यात, म्हणून तर मी इतक्या लांबून काही बोलू शकते.

तुमच्या कार्डावर नऊ औषधं आहेत. त्यातल्या सात गोळ्या भाई वर्षानुवर्षं घेत आहेत. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी अचानक उलटत नाही असं नाही, पण तिच्यावर संशय शेवटी जातो. नवीन दोन. त्यांतली एक ॲसिडिटीची, तीही मागच्या रांगेत. उरलं ते अँटिबायोटिक. ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलेनिक ॲसिड यांची जोडी, आधी पाच दिवस शिरेतून, मग १९ ते २६ जून ६२५ची गोळी दोन वेळा. खाज सुटली १० जुलैला, डोळे पिवळे झाले १४ला. म्हणजे औषध सुरू झाल्यापासून सव्वीस दिवसांनी, आणि शेवटची गोळी पोटात गेल्यावर चौदा दिवसांनी.

इथेच सगळे फसतात. गोळी संपून दोन आठवडे झाले, माणूस हिंडू-फिरू लागला, मग गोळीचा काय संबंध? पण या जोडीची खोडच ही आहे. कावीळ कधी गोळ्या चालू असताना येते, पण पुष्कळदा कोर्स संपल्यावर दोन-चार आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनीही येते. दोष जास्त करून क्लॅव्युलेनिक ॲसिडचा मानतात, कारण एकट्या ॲमॉक्सिसिलिननं असं फार क्वचित होतं. ज्यांना होतं त्यांत साठीपुढचे पुरुष ठळकपणे दिसतात. काही माणसांच्या जनुकांमध्येही त्याची ओढ असते, पण ती आधी तपासून कोणी गोळी देत नाही, आणि इतक्या कमी लोकांना होणाऱ्या गोष्टीसाठी ते शक्यही नाही. आइसलँडमध्ये मोजलं तेव्हा ही गोळी घेणाऱ्या सुमारे २३५० माणसांमागे एकाला अशी इजा झालेली आढळली. तुमच्या घराला तो एक आला.

आता रिपोर्टमधले दोन आकडे काढा. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की चढतो) १३८, लॅबची वरची मर्यादा ४०. अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की चढतो) ४१४, मर्यादा १२०. दोन्ही आपापल्या मर्यादेच्या साधारण साडेतीन पट. पहिल्या पटीला दुसऱ्या पटीनं भागा: उत्तर एक. हे उत्तर पाच किंवा जास्त आलं तर लिव्हरच्या पेशी फुटताहेत असं समजायचं. दोन किंवा कमी आलं तर पित्त वाहायचं अडलं आहे. भाईंचं दुसऱ्या जातीचं. खाज, पांढरट संडास, चहासारखी लघवी, सगळं त्याच्याशी जुळतं. वयस्कर माणसांत औषधांची इजा बरेचदा याच तऱ्हेची असते, आणि ही गोळी त्यांच्यात तीच तऱ्हा दाखवते. म्हणून तुमच्या नव्या डॉक्टरांशी मी सहमत आहे.

बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, ८.६ बघून घर हादरलं असेल. तो आकडा भीती घालणारा आहे खरा, पण मी तुमच्या जागी असते तर आधी आयएनआर बघितला असता. रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हर बनवतं. ते थकलं की आयएनआर चढतो. भाईंचा १.१ आहे. म्हणजे लिव्हर पित्त बाहेर टाकत नसलं तरी आपलं मुख्य काम करतं आहे. पेशी फुटण्याच्या जातीत काविळीसकट इजा झाली तर साधारण दहातल्या एकाच्या जिवावर बेतू शकतं, हा आम्हा डॉक्टरांना तोंडपाठ असलेला इशारा. भाईंच्या जातीत सहसा तेवढं टोक गाठलं जात नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मधुमेही माणसाच्या बाबतीत 'काही होणार नाही' असं मी लिहिणार नाही, पण बहुतेक जण यातून पूर्ण बरे होतात. फक्त वेळ लागतो. पिवळेपणा उतरायला कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने. आणि गोळी बंद झाल्यावरही बिलिरुबिन थोडे दिवस चढत राहू शकतं. त्या चढत्या आठवड्यातच माणसं डॉक्टर बदलतात, वैद्य बदलतात, आणि शेवटी ज्याच्याकडे असताना आकडा उतरतो त्याला श्रेय मिळतं.

एका बाबतीत मात्र मला तुमच्या डॉक्टरांकडून आणखी हवं आहे. वय सत्तरीपुढचं, मधुमेह, आणि न दुखता आलेली कावीळ. अशा वेळी स्वादुपिंडाच्या डोक्याशी किंवा पित्तनळीच्या तोंडाशी गाठ नाही ना, हे नीट बघायला हवं. पोटात वायू असला की सोनोग्राफीत तो कोपरा दिसत नाही. तुमच्या रिपोर्टवर 'स्वादुपिंड अंशतः दिसले' असं बारीक अक्षरात लिहिलं आहे, बघा. एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा आणि स्वादुपिंडाचा एमआरआय, करावी का, हे पुढच्या भेटीत तुम्ही स्वतः विचारा. भाईंचं वजन उतरत असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत आकडे वळले नाहीत, तर विचारू नका, कराच म्हणा. पावसाळा आहे, शेतात वावर आहे, म्हणून लेप्टोचंही (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) मनात येतं. पण लेप्टोत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असतं, लघवी कमी होते. भाईंना यातलं काही नाही.

आणि पत्रात एक गोष्ट नाही, जी गोव्यात विचारल्याशिवाय लिव्हरचं बोलणं पुरं होत नाही. भाई घेतात का? रोज संध्याकाळी जेवणाआधी थोडी, मार्च ते मे हुर्राक, एरवी फेणी, असं काही? सुनेनं सासऱ्याला हे विचारणं अवघड, म्हणून तुमच्या यजमानांना विचारू द्या, आणि खरं उत्तर डॉक्टरांच्या कानावर घाला. लाज वाटण्यासारखं काही नाही, पण हिशेब बदलतो. घेत असतील तर आता थेंबही नाही.

आता सासूबाई.

गुळवेलीबद्दल जे ठाऊक आहे ते असं. कोविडच्या दिवसांत घरोघरी काढे उकळत होते. २०२१मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये लिव्हरला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असंही म्हटलं. वाद आपल्या जागी. पण कावीळ असलेल्या माणसाला गुळवेल देऊ नये, एवढ्यापुरतं मला तरी ते पुरेसं वाटतं. मात्र त्या रुग्णांमध्ये बहुतांशी पेशी फुटण्याची जात होती, एसजीपीटी शेकड्यांनी चढलेलं. भाईंचा नमुना तसा नाही. तारखांनीही काढा नुकताच, २२ जूनला सुरू झालेला. म्हणून माझ्या हिशेबात काढ्याचा संशय दुसऱ्या क्रमांकावर, आणि पहिल्यापासून बराच लांब.

हे सासूबाईंना असंच सांगा. 'तुमचा काही दोष नाही' असं गुळमुळीत सांगितलं तर त्यांना पटणार नाही. बायकांना खोटा दिलासा लगेच कळतो. हातात डिस्चार्ज कार्ड घेऊन बसा आणि तारखा दाखवा. काढ्याची वेळ विचारा, किती, कशात उकळला, वेल कुठून आणली, आणखी काही घातलं का. हे सगळं वहीत लिहा आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना द्या. आपण लपवलं नाही, उलट उपयोगाची माहिती दिली, हे त्यांना कळेल तेव्हा रडणं थांबेल. काढा, चूर्ण, पावडर, ताकदीची डबी हे घरात 'औषध' धरतच नाहीत. म्हणून 'आणखी काही औषध घेता का?' असं विचारलं की 'नाही' असंच उत्तर येतं. वॉर्डातल्या माझ्या तीस वर्षांत मी तो प्रश्न बदलून 'स्वयंपाकघरातून काय देता?' असा केला, तेव्हा कुठे खरी यादी यायला लागली.

नणंदबाईंच्या पुडीबद्दल थोडक्यात. गावठी औषधानं कावीळ उतरते असं लोक सांगतात ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी तसं बघितलेलं असतं. ए आणि ई जातीची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, पुडी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. भाईंची ती कावीळ नाही. आणि ज्याच्या लिव्हरला आत्ताच एका औषधानं इजा केली आहे, त्याला त्यात काय आहे ते कोणी सांगू शकत नाही असं दुसरं औषध द्यायचं? उद्या आकडे बिघडले तर गोळीमुळे की पुडीमुळे, हे मलाही सांगता येणार नाही. नणंदेला काम हवं आहे, ते दुसरं द्या. भाईंची खाज हे मोठं काम आहे.

खाजेनं म्हातारी माणसं जेरीस येतात, रात्रभर झोप नाही. कोमट नव्हे, गार पाण्यानं अंघोळ, मग अंग ओलसर असतानाच खोबरेल. जुन्या मऊ सुती धोतराचे तुकडे. नखं कापलेली. डॉक्टर एक पावडर देतात, कोलेस्टायरामीन, पाण्यात ढवळून घ्यायची. ती इतर गोळ्यांना पोटात धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या निदान एक तास आधी किंवा चार-सहा तासांनी. ही वेळ पाळायचं काम नणंदेकडे सोपवा. पित्त पातळ करणारी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळीही देतात. तिनं फार फरक पडतोच असं म्हणता येत नाही, पण त्रासही सहसा होत नाही. खाजेसाठी फार्मसीतून परस्पर ॲलर्जीची गोळी आणू नका, आणि झोपेची तर मुळीच नको. त्यांनी भाई गुंगीत राहतील आणि लिव्हर बिघडल्यामुळे येणारी गुंगी कोणती हे कोणालाच ओळखता येणार नाही.

ती गुंगी ओळखायला शिका, कारण घरातल्याच माणसाला ती आधी दिसते. दिवसा झोप आणि रात्री टक्क जागं, बोलण्यात गोंधळ, ओळखीचं नाव न आठवणं, हात पुढे धरायला सांगितल्यावर पंजे फडफडणं. हिरड्यांतून रक्त, काळी संडास, पोट फुगणं, लघवी अगदी कमी होणं. यांतलं एक जरी दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १०८ला फोन करा आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात न्या. तोवर पहिला महिना दर आठवड्याला लिव्हरच्या चाचण्या, आणि त्यांत आयएनआर असायलाच हवा. लॅबच्या नेहमीच्या लिव्हरच्या पॅकेजमध्ये तो बहुधा नसतो, वेगळा लिहून घ्यावा लागतो.

ताप-अंगदुखी आली तर काय, हेही विचारून ठेवा. पॅरासिटामॉलचं नाव काढलं की लोक दचकतात, पण ठरावीक मात्रेत वयस्कर माणसाला तीच त्यातल्या त्यात बरी. भाईंसारख्या सडपातळ, कमी जेवणाऱ्या माणसाला दिवसात दोन ग्रॅमच्या पुढे नको, आणि तीही डॉक्टरांना विचारून. गोम अशी की सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत आणि दुखण्याच्या पुष्कळ जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं, आणि तीन वेगवेगळ्या रंगांच्या गोळ्या मिळून मात्रा कधी ओलांडली ते कळत नाही. डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड या वाटेला जाऊच नका.

आता दीर आणि त्यांची केस. राग मला कळतो. पण न्यूमोनिया झालेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला ही गोळी देणं ही चूक नव्हे. ती नेहमीची, बरोबर निवड आहे, आणि तिनंच तो न्यूमोनिया बरा केला. ही इजा कोणाला होईल हे आधी कळत नाही, मात्रेवरही फारशी अवलंबून नसते. इस्पितळात म्हाताऱ्यांनाच हे जास्त का भोगावं लागतं? वयाबरोबर लिव्हर आकसतं, त्यातून वाहणारं रक्त कमी होतं, किडनी मंदावते. वर आधीच सात-आठ गोळ्या चालू. त्यात दाखल झाल्यावर छातीचे डॉक्टर एक लिहितात, हृदयाचे एक, रात्रपाळीचे एक, आणि घरी जाताना त्यांतल्या किती थांबवायच्या हे कार्डावर धड नसतं. त्यातही आपल्या देशात सगळ्यात जास्त लिव्हर बिघडवतात ती क्षयाची औषधं, पण त्यांच्या वेळी निदान सुरुवातीला बजावून सांगतात तरी. अँटिबायोटिकच्या बाबतीत कोणी चकार शब्द काढत नाही.

माझी तक्रार असेल तर ती एवढीच, की डिस्चार्ज देताना 'महिनाभर लघवीचा रंग बघा, खाज सुटली तर या' हे एक वाक्य कोणीतरी बोलायला हवं होतं. ते वाक्य तुम्ही त्या डॉक्टरांना जाऊन सांगा, शांतपणे. दिरांना दुसरं काम द्या. इस्पितळाकडे लेखी अर्ज करून भाईंच्या केसपेपरांची पूर्ण प्रत मागायची, औषधांच्या तक्त्यासकट. मागितल्यावर ७२ तासांत ती द्यावी, असा मेडिकल कौन्सिलचा २००२चा नियम आहे. कार्डावर सगळी औषधं नसतात. वॉर्डात रात्री दिलेलं एखादं इंजेक्शन फक्त त्या तक्त्यात सापडतं.

मग या घटनेची नोंद करा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ हा त्याचा मोफत फोन. रुग्णाचे नातेवाईकही कळवू शकतात. ती कोणाविरुद्ध तक्रार नसते, त्यातून कोर्टकज्जा निघत नाही. पण नोंदी साठल्या तरच गोळीच्या माहितीपत्रकात इशारे बदलतात.

एक जुनी गोष्ट सांगते, माझ्या चुकीची. नोकरीतली पहिली काही वर्षं. साठीतले एक गृहस्थ काविळीनं आले, तपासण्या निगेटिव्ह, महिन्या-दीड महिन्यात बरे झाले. मी कागदावर लिहिलं, 'विषाणूजन्य कावीळ, बहुधा.' आणि घरी पाठवलं. आधीच्या महिन्यात कुठली गोळी घेतली हे मी विचारलं नाही. दोन वर्षांनी ते पुन्हा आले, या वेळी जास्त पिवळे, जास्त आजारी. दाढ काढल्यावर दातांच्या डॉक्टरांनी हीच जोडी दिली होती. बायकोनं पर्समधून एक जुनी चिठ्ठी काढली. पहिल्या वेळीही खोकल्यासाठी तीच. ते वाचले, पण चार महिने गेले. ती चिठ्ठी पहिल्या वेळीही त्यांच्या पर्समध्येच होती, मी मागितली नव्हती.

म्हणून हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. भाईंना ही जोडी पुन्हा कधीच जाता कामा नये. दुसऱ्यांदा ती लवकर आणि जोरात उलटू शकते. अडचण अशी की बाजारात ती डझनावारी नावांनी मिळते. नाव लक्षात ठेवून उपयोग नाही. पाकिटावर बारीक अक्षरात 'क्लॅव्युलेनिक ॲसिड' किंवा 'पोटॅशियम क्लॅव्युलेनेट' शोधायचं. नावाच्या शेवटी 'सीव्ही' किंवा मध्ये 'क्लॅव' दिसलं तरी हात आखडायचा. एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून घ्या: ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलेनिक ॲसिडमुळे कावीळ, पुन्हा देऊ नये, आणि खाली महिना-वर्ष. एक प्रत भाईंच्या पाकिटात, एक आधारकार्डाबरोबर, एक तुमच्या मोबाइलमध्ये. नेहमीच्या फार्मसीवाल्याला दाखवा. दातांच्या डॉक्टरांना तर आवर्जून, कारण ही गोळी सगळ्यात सहज तिथेच लिहिली जाते. एकटं ॲमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या घरातलं दुसरं काही चालेल का, ते त्या-त्या वेळचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त पुठ्ठा पुढे करायचा.

शेवटी जेवण, कारण पत्रात त्याबद्दल दोन ओळी आहेत, पण घरात भांडण त्यावरूनच चाललं असणार. हळद पिवळी आणि कावीळ पिवळी, एवढाच त्या दोघींचा संबंध. आमटीतली चिमूटभर हळद काही करत नाही. (हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट, त्या नकोत.) उसाचा रस मधुमेह्याला औषध नव्हे, आणि रस्त्यावरच्या बर्फासकट तर नवी कावीळ पदरात पडायची. तेल अगदी बंद करायची गरज नाही. पित्त कमी पोचतं म्हणून तळलेलं जड जातं, फोडणीचं जात नाही. आजारपणात म्हातारा माणूस नुसत्या पेजेवर राहिला तर महिन्याभरात मांड्या गळतात, आणि लिव्हर सावरायला प्रथिनं लागतात. पेज द्या, पण तिच्याबरोबर मूग, अंडं, दही, आणि मासळी.

भाईंना विचारा, बंद केलेली हृदयाची गोळी घेतली तर जेवणात काय हवं. मला वाटतं, उत्तर काय येईल ते तुम्हालाही ठाऊक आहे. बांगडा तव्यावर कमी तेलात भाजून द्या, किंवा पातळ हुमण करा, नारळ थोडा कमी. सोमवार तेवढा सोडून.